टेलिफोनची संकेतपद्धति : कुसगांवाहून निघालेल्या हांकेचा मार्ग

१. प्रयोजन

जुन्या कागदांच्या संशोधकांस व संग्राहकांस टेलिफोनच्या यंत्रविद्येशीं काय कर्तव्य, असा प्रश्न लेखाचा मथळा वाचतांच कित्येक वाचकांच्या मनांत येईल. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचें उत्तर आरंभींच देतों. एखादें पत्र हातीं आलें म्हणजे आपण मजकुराआधीं त्याचा मायना पाहतों. मायन्यावरून कोणीं कोणास लिहिलें तें कळतें. मोर्तबावरून पत्र पुरें झालें कीं अर्धें राहिलें तें कळतें. पैवस्तीच्या शेऱ्यावरून तें केव्हां पोंचलें याचा निर्णय होतो. बनावट कागद करणारा मजकुरांत क्वचित् चुकतो, परंतु मायना, मोर्तब व पैवस्ती यांत बहुधा सांपडतो. टेलिफोनवरील भाषणासहि असाच एक मायना, असेंच मोर्तब व अशीच पैवस्ती असते. बोलणाऱ्यांच्या कानांवर ती पडत नाहीं. एका एक्स्चेंजनें दुसऱ्या एक्स्चेंजाशीं चालविलेला तो स्वतंत्र पत्रव्यवहार होय. त्याच्या नियमांस संकेतपद्धति असें आम्ही या लेखांत म्हटलें आहे.

विसाव्या शतकांतील व्यापार, राजकारण व घरगुती व्यवहार यांचा मोठा भाग टेलिफोनवर झाला. जें बोललें गेलें तें विरून गेलें. मागें उरलीं तीं ट्रंक कॉलचीं तिकिटें, बिलें, डिरेक्टऱ्या, मीटरांचे आंकडे आणि अलीकडच्या काळांत यंत्रांनीं आपण होऊन केलेल्या नोंदी. हीं सर्व संकेतांचींच अपत्यें आहेत. मोडी न जाणणाऱ्यास रुमाल जसा मुका, तशीच संकेतपद्धति न जाणणाऱ्यास हीं साधनें मुकीं राहणार. आणि मुकीं आहेत म्हणूनच तीं रद्दींत जात आहेत. या कारणास्तव हा विषय आम्हीं हातीं घेतला आहे.

२. स्थळाविषयीं

विवेचनास एक निश्चित ठिकाण असावें म्हणून मावळांतील कुसगांव घेतलें आहे. लोणावळ्यास लागून असलेलें हें गांव बोरघाटाच्या माथ्यावर, मुंबई व पुणें यांमधील अत्यंत जुन्या वाटेच्या सान्निध्यांत आहे. कार्ल्याचीं व भाज्याचीं लेणीं, लोहगड, विसापूर व राजमाची हीं सर्व या वाटेचीं साक्षी आहेत. जानेवारी १७७९ मध्यें इंग्रजी फौज हाच घाट चढून आली. कार्ल्याच्या मुक्कामीं कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे बखरींतला इष्टुर फांकडा, पडला, आणि त्याच महिन्यांत वडगांवचा तह झाला. त्या काळीं या वाटेनें बातमी जात असे ती जासुदांच्या पायांनीं.

पुढें इंग्रजी अमलांत हिंदुस्थानांतील विजेची तार फेब्रुवारी १८५५ मध्यें लोकांस खुली झाली. मुंबईहून मद्रासेकडे जाणारी तार पुण्यावरूनच नेलेली होती. खंडाळा ते पुणें हा लोहमार्ग १८५८ मध्यें आणि खुद्द घाटांतील मार्ग १८६३ मध्यें सुरू झाला. घाटाचा हा मार्ग सुमारें १६ मैलांचा असून त्यांत २५ बोगदे खणावे लागले व १,८३१ फुटांची चढण साधावी लागली. मुंबईंत टेलिफोनचें एक्स्चेंज जानेवारी १८८२ मध्यें उघडलें. कलकत्ता व मद्रास येथील एक्स्चेंजेंहि त्याच वेळचीं. हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील बिनतारी टेलिफोन १९३३ मध्यें सुरू झाला. स्थानिक एक्स्चेंजांस जोडणारी प्रकाशतंतूंची देशांतील पहिली योजना पुण्यांत १९७९ मध्यें कार्यान्वित झाली, आणि द्रुतगति मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला. म्हणजे पायवाट, तार, टेलिफोन, प्रकाशतंतु आणि भ्रमणध्वनि हीं दळणवळणाचीं सर्व साधनें या एका मावळच्या माथ्यावरून क्रमाक्रमानें गेलीं आहेत.

३. नांव व आंकडा

संकेतपद्धतीचें पहिलें कार्य म्हणजे ज्यास बोलवावयाचें तो नेमका कोण, हें निःसंदिग्धपणें सांगणें. नांवानें हें होत नाहीं. मावळांतच कुसगांव बुद्रुक, कुसगांव खुर्द व पवन मावळांतील कुसगांव अशीं एकाच नांवाचीं गांवें आहेत; सनदांतून व महजरांतून तर्फेचें नांव नसेल तर कोणतें कुसगांव हें ठरवितांना संशोधकास किती कष्ट पडतात तें वाचकांस सांगावयास नको. टेलिफोननें हा घोटाळा आंकड्यांनीं मिटविला.

या आंकड्यांची रचना पत्त्यासारखीच आहे, फक्त ती मोठ्याकडून लहानाकडे जाते. आरंभींचें शून्य म्हणजे ‘ही हांक माझ्या गांवाबाहेरची आहे’ अशी वर्दी. त्यापुढें प्रदेशाचा आंकडा येतो : पुण्याचा २०, मुंबईचा २२, लोणावळें व मावळ भागाचा २११४. मोठ्या शहरांस दोन आंकडे आणि तालुक्याच्या ठिकाणांस चार, हा भेद मुद्दाम ठेवलेला आहे. ग्राहकाच्या संपूर्ण आंकड्याची लांबी सारखी ठेवावयाची असल्यामुळें जेथें ग्राहक पुष्कळ तेथें प्रदेशाचा आंकडा आंखूड व ग्राहकाचा लांब करावा लागतो. म्हणून जुन्या पत्रव्यवहारांतील कागदाच्या शीर्षकावर छापलेल्या टेलिफोनच्या आंकड्यांची नुसती संख्या मोजली तरी त्या गांवांत त्या काळीं टेलिफोनचा प्रसार कितपत होता याचा अदमास करतां येतो. मित्ति नसलेल्या कागदाचा काळ ठरविण्यास हें एक चांगलें साधन आहे.

४. घंटेच्या ठोक्यांची भाषा

संकेतांचें तत्त्व समजून घेण्यास रेल्वेचें उदाहरण फार उपयोगी पडतें. लोणावळें व मळवली हीं शेजारचीं दोन स्टेशनें घेऊं. दोहोंमधील रुळांवर एका वेळीं एकच गाडी असावी, हा ब्लॉक-पद्धतीचा मूळ नियम. त्यासाठीं दोन्ही स्टेशनमास्तर तारेनें जोडलेल्या घंटेवर ठोके देत. दोन ठोके म्हणजे ‘मार्ग मोकळा आहे काय?’ ही पृच्छा. तीन म्हणजे ‘गाडी निघाली’. चार म्हणजे ‘गाडी सुखरूप पोंचली, मार्ग मोकळा झाला’. धोका असेल तर सहा ठोके. यांत लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, ज्यानें ठोके ऐकले त्यानें तेच ठोके उलट देऊन आपण काय ऐकलें तें कळविलें पाहिजे. नुसतें सांगणें पुरेसें नाहीं. ऐकल्याची कबुली परत आली तरच सांगणें पुरें झालें.

पृच्छा, कबुली, मार्ग व्यापणें आणि मार्ग सोडणें या चार गोष्टींतच टेलिफोनची सारी संकेतपद्धति सामावलेली आहे. रुळांच्या जागीं तार घ्यावी आणि गाडीच्या जागीं भाषण घ्यावें. बाकी सर्व तेंच.

५. मनुष्याच्या हातची जोडणी

प्रथम हें काम मनुष्य करीत असे. ग्राहकाच्या यंत्रास एक मूठ असे. ती फिरविली म्हणजे लहानशा जनित्रांतून वीज निघून एक्स्चेंजमधील फळ्यावर त्याच्या आंकड्याची झांपड खालीं पडे. ऑपरेटर दोरीचें टोंक त्या भोकांत घालून ‘कोणता नंबर?’ म्हणून विचारी, दुसरें टोंक इच्छित ग्राहकाच्या भोकांत घाली व त्याची घंटा वाजवी. बोलणें संपलें म्हणजे ग्राहक पुन्हां मूठ फिरवी; त्या खुणेवरून दोऱ्या काढल्या जात. पुढें एक्स्चेंजमध्येंच सामायिक बॅटरी आली. तेव्हां मूठ गेली; रिसीव्हर उचलतांच वर्तुळ पुरें होऊन दिवा लागूं लागला आणि ठेवतांच समाप्तीची खूण होऊं लागली.

परगांवचें बोलणें असेल तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. साधा, तांतडीचा व लाइटनिंग असे त्याचे दर्जे असत; ठराविक इसमासच बोलवावयाचें असल्यास पी. पी. कॉलची निराळी आकारणी होई. ऑपरेटर तिकिटावर मागणारा नंबर, मागितलेला नंबर, वेळ व बोलण्याचीं मिनिटें मांडून ठेवी. हें तिकीट म्हणजे त्या भाषणाची एकमेव लेखी साक्ष. लोणावळ्याचा ऑपरेटर पुण्याच्या ऑपरेटरास तोंडी सांगे, पुण्याचा ऑपरेटर तें तोंडीच परत म्हणून दाखवी : येथेंहि घंटेच्या ठोक्यांचाच नियम. फरक एवढाच कीं, संकेत आणि भाषण या दोहोंची भाषा एकच, म्हणजे माणसाची होती. यंत्र आलें तेव्हां संकेतांस स्वतःची भाषा शोधावी लागली.

६. चकतीचे ठोके

ती भाषा देणारा गृहस्थ अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील प्रेतसंस्काराचा व्यवसाय करणारा आल्मन स्ट्रोजर हा होय. त्याच्या पेटंटास १८९१ च्या मार्चांत मंजुरी मिळाली आणि १८९२ मध्यें ला पोर्ट या गांवीं त्याच्या तत्त्वावरील पहिलें स्वयंचलित एक्स्चेंज उघडलें. हिंदुस्थानांत अशा प्रकारचें पहिलें एक्स्चेंज सिमल्यास, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, सुरू झालें.

चकतीच्या टेलिफोनचें कार्य असें चालतें. रिसीव्हर जागेवर असतां तारेवर एक्स्चेंजच्या बॅटरीचा ४८ व्होल्टचा दाब असतो, परंतु प्रवाह नसतो. रिसीव्हर उचलतांच प्रवाह वाहूं लागतो. ही झाली पृच्छा. एक्स्चेंज मोकळें असल्यास तें गुणगुणणारा सूर ऐकवितें. ही झाली कबुली. मग चकती फिरवून सोडली म्हणजे ती परत येतांना प्रवाह तितके वेळां तोडते : एक या आंकड्यास एकदां, दोहोंस दोनदां आणि शून्यास दहा वेळां. सेकंदास दहा खंड ही सर्वसाधारण गति होय. दोन आंकड्यांमध्यें बोटाला जो विसावा लागतो, त्यावरूनच पहिला आंकडा संपला हें यंत्रास समजतें. मोडींत शब्द तोडलेले नसतात म्हणून वाचकाची जी अडचण होते, ती येथें या विसाव्यानें टळते.

एक्स्चेंजमध्यें प्रत्येक खंडासरशी एक दांडा एक पायरी वर चढे, नंतर आडवा फिरून मोकळी तार शोधी. दहा पायऱ्या व प्रत्येक पायरीवर दहा जागा, असे एका यंत्राचे शंभर संपर्क असत. पुण्याकरितां ०२० फिरविलें तर दहा, दोन व दहा असे बावीस खंड होतात. मुंबईकरितां ०२२ फिरविलें तर चौदाच होतात. ग्राहक परगांवीं स्वतः थेट चकती फिरवून बोलूं शकेल अशी सोय भारतांत पहिल्यानें २५ नोव्हेंबर १९६० रोजीं कानपूर व लखनौ या शहरांमध्यें झाली. तीस एस्. टी. डी. हें नांव पडलें. पुढें पिवळ्या पाट्यांच्या बूथांमुळें तें नांव खेडोपाडीं लहान मुलांच्या तोंडीं झालें.

बोलावलेल्यानें रिसीव्हर उचलला म्हणजे बोलावणाऱ्याच्या तारेवरील विजेची दिशा उलटते. या उलट्या दिशेच्या खुणेनेंच मीटर चालूं होतें. बिलाचा हक्क कोणत्या क्षणापासून, हा प्रश्न अशा रीतीनें एका निःशब्द संकेतानें सोडविलेला होता. ग्राहकास ऐकूं येणारे सूरहि निश्चित मापाचे असतात. आपल्याकडे घंटीचा सूर ०·४ सेकंद वाजतो, ०·२ सेकंद थांबतो, पुन्हां ०·४ सेकंद वाजतो व २ सेकंद स्तब्ध राहतो. ‘गुंतला आहे’ हा सूर पाऊण सेकंद वाजतो व पाऊण सेकंद थांबतो. जुनी ध्वनिमुद्रणें व चित्रपट यांतील टेलिफोन कोठला आहे, हें या मापांवरून ओळखतां येतें.

७. जोडसूर आणि सक्तीची पोंच

ठोक्यांची भाषा मंद होती. लांबच्या तारेवर ठोके बोथट होत व आंकडा चुके. म्हणून पुढच्या पिढीच्या एक्स्चेंजांनीं आपसांत सुरांनीं बोलण्याचा प्रघात पाडला. भारतांत वापरलेल्या आर्-२ या पद्धतींत पुढें जाणाऱ्या संकेतांकरितां १३८० पासून १९८० पर्यंत कंपनसंख्येचे सहा सूर नेमलेले आहेत आणि प्रत्येक आंकडा त्यांपैकीं बरोबर दोन सुरांनीं सांगावयाचा असतो. सहांतून दोन निवडण्याचे प्रकार पंधरा. त्यांत दहा आंकडे बसून पांच इतर निरोपांस उरतात. तारेवर एकच किंवा तीन सूर ऐकूं आले तर कांहीं तरी बिघडलें हें तात्काळ समजतें. एक साक्षीदार कमी पडला कीं महजर अपुरा, तसाच हा नियम आहे.

या पद्धतीचें खरें वैशिष्ट्य तिच्या पोंचेंत आहे. लोणावळ्याकडील एक्स्चेंज आंकड्याचा जोडसूर सुरू करतें आणि तो धरून ठेवतें. पुण्याचें एक्स्चेंज तो ओळखून उलट दिशेनें ‘पुढचा आंकडा द्या’ असा जोडसूर लावतें. तो ऐकूं आल्यावरच इकडचा सूर थांबतो. इकडचा थांबला हें पाहून तिकडचा थांबतो. मग दुसरा आंकडा निघतो. प्रत्येक पाऊल मागच्या पावलाच्या पोंचेशिवाय पडतच नाहीं. आंकडे पुरे झाले म्हणजे ‘ग्राहक मोकळा आहे’ किंवा ‘गुंतला आहे’ असा शेवटचा निरोप येतो.

ग्राहकाच्या यंत्रावरहि असेच जोडसूर आले. १९६३ पासून अमेरिकेंत चालूं झालेल्या बटणांच्या टेलिफोनवर ‘५’ दाबलें कीं ७७० व १३३६ कंपनसंख्येचे दोन सूर एकदम निघतात : एक त्या ओळीचा, एक त्या स्तंभाचा. ओळ आणि स्तंभ यांच्या छेदावर आंकडा सांपडतो.

पुढें भारतांत स्वदेशी एक्स्चेंजाचा प्रयत्न झाला. १९८४ मध्यें सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, आणि तिनें खेड्यांकरितां बनविलेलें १२८ तारांचें लहान एक्स्चेंज १९८६ मध्यें बेळगांव जिल्ह्यांतील कित्तूर येथें प्रथम बसविण्यांत आलें. धूळ व उष्णता सोसणारें व वातानुकूलित खोली न मागणारें हें यंत्र खेड्यापाड्यांत ऑपरेटरची खुर्ची रिकामी करून गेलें.

८. संकेतांची वेगळी वाट

आतांपर्यंतच्या बहुतेक पद्धतींत संकेत व भाषण यांची वाट एकच होती. त्यांत एक मोठा धोका होता. अमेरिकेंत २६०० कंपनसंख्येचा सूर म्हणजे ‘तार मोकळी आहे’ असा संकेत ठरलेला होता. तोच सूर ग्राहकानें आपल्या तोंडून किंवा शिटीनें तारेवर सोडला तर दूरचें एक्स्चेंज फसे, आणि मग फुकट बोलतां येई. १९७१ मध्यें एका मासिकांतील लेखामुळें या चोरीचा बोभाटा झाला. ज्या दाराने पाहुणा येतो त्याच दाराने हुकूमहि येत असेल, तर पाहुण्याला हुकूम देतां येतो, हा त्यांतील बोध.

म्हणून संकेतांची वाट भाषणाच्या वाटेपासून निराळी करण्यांत आली. आंतरराष्ट्रीय तार-टेलिफोन समितीनें १९८० मध्यें जी पद्धति संमत केली तिला क्रमांक सातची पद्धति म्हणतात. एकत्र जाणाऱ्या शेंकडों भाषणांचे निरोप एका स्वतंत्र मार्गानें, सेकंदास ६४,००० अंश या वेगानें, लहान लहान लखोट्यांच्या रूपानें जातात. प्रत्येक लखोट्यावर पाठविणाऱ्या एक्स्चेंजचा क्रमांक, घेणाऱ्याचा क्रमांक, कोणत्या तारेविषयीं निरोप आहे तो तारेचा क्रमांक आणि शेवटीं मजकूर असतो. एक्स्चेंजच्या क्रमांकास चौदा अंश दिलेले असल्यामुळें १६,३८४ निरनिराळे क्रमांक होऊं शकतात. लखोट्यांवर ० ते १२७ असे अनुक्रमांक असतात. घेणारा शेवटचा कोणता बरोबर पोंचला तें कळवितो, आणि मध्येंच एखादा फाटला असेल तर तेथपासून पुन्हां मागवितो. वाटेंत निरोप वळविणारीं केंद्रें जोडीनें ठेवलेलीं असतात, एक बंद पडलें तर दुसरें चालावें म्हणून. पेशवाईंत पत्र जासुदांच्या जोडीबरोबर धाडीत, त्यांतील शहाणपण हेंच.

कुसगांवच्या ग्राहकानें पुण्याचा नंबर मागितला असें समजूं. पहिला लखोटा निघतो त्यांत मागणाऱ्याचा व मागितलेल्याचा नंबर असतो : हा मायना. पुण्याहून ‘पत्ता पुरा झाला, घंटी वाजत आहे’ असा दुसरा लखोटा येतो : ही पैवस्ती. रिसीव्हर उचलतांच तिसरा येतो : येथून आकारणी सुरू. कोणीहि एकानें टेलिफोन ठेवला म्हणजे चौथा ‘सोडा’ म्हणून जातो व पांचवा ‘सोडलें’ म्हणून परत येतो : हें मोर्तब. चौथ्या लखोट्यांत सोडण्याचें कारण आंकड्यानें लिहिलेलें असतें. १६ म्हणजे बोलणें नेहमींप्रमाणें संपलें. १७ म्हणजे ग्राहक गुंतला होता. १९ म्हणजे घंटी वाजली पण कोणीं उचललें नाहीं. गुंतला असेल तर निरोप येतांच मधली सारी तार मोकळी होते आणि ‘गुंतला’ हा सूर इकडचेंच एक्स्चेंज ऐकवितें. पुढील काळच्या इतिहासकारास अशा नोंदींची यादी सांपडली, तर न झालेल्या भाषणांचाहि शोध लागेल : कोणीं कोणास किती वेळां बोलावलें आणि उत्तर मिळालें नाहीं. आपल्या दप्तरांत न पोंचलेल्या पत्रांची अशी मोजदाद कधींच मिळत नाहीं.

भ्रमणध्वनींत ही वाट अधिकच महत्त्वाची झाली. मुंबई हें टेलिफोनचें एक स्वतंत्र मंडळ आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा हें दुसरें. मुंबईचा टेलिफोन खिशांत घेऊन कोणी घाट चढून कुसगांवच्या टोलनाक्यापाशीं आला कीं तो दुसऱ्या मंडळांत शिरलेला असतो. येथील नोंदवही त्याचे नांव पाहुणा म्हणून मांडते आणि त्याच्या मूळ नोंदवहीस कळविते कीं, तुमचा माणूस आतां आमच्या हद्दींत आहे. त्यास कोणीं बोलावलें तर प्रथम मूळ नोंदवहीस विचारणा होते, मग इकडे हांक येते. खिशांतला टेलिफोन न वाजतां, न बोलतां हें सर्व चाललेलें असतें. लेखी निरोपहि याच संकेतांच्या वाटेनें जाऊं लागला. त्या लखोट्यांत जागा थोडी, म्हणून रोमन लिपींत १६० अक्षरें मावतात आणि नागरींत ७०. संपूर्ण मजकूर मायन्याच्याच जागेवर लिहावा, तसा हा प्रकार आहे.

९. तोतये

सन १७७६ मध्यें सदाशिवराव भाऊंचा तोतया कोंकणांतून फौज घेऊन बोरघाटाच्या मुलखापर्यंत, राजमाचीच्या आसपास येऊन ठेपला होता. त्याचें बळ त्याच्या चेहऱ्यापेक्षां त्याला ‘हेच भाऊसाहेब’ म्हणून मानणाऱ्या किल्लेदारांत होतें. एका ठाण्यानें मानलें म्हणून दुसऱ्यानें मानलें, असा तो विश्वास पसरत गेला.

क्रमांक सातच्या पद्धतींतील दोष नेमका हाच आहे. १९८० मध्यें ती बनविली तेव्हां टेलिफोन हा बहुतेक देशांत सरकारी खात्याच्या हातीं होता. मोजकींच एक्स्चेंजें परस्परांस ओळखत होतीं. म्हणून लखोटा खरोखर त्याच एक्स्चेंजकडून आला कीं काय, हें तपासण्याची शिक्कामोर्तबाची सोय तींत ठेवलीच नाहीं. पुढें कंपन्या वाढल्या, त्या मार्गांत प्रवेश विकत मिळूं लागला. डिसेंबर १९१४ च्या शंभर वर्षांनंतर, म्हणजे डिसेंबर २०१४ मध्यें, हॅम्बर्ग येथील परिषदेंत जर्मन संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, खोट्या लखोट्यानें दुसऱ्याचा ठावठिकाणा विचारतां येतो व त्याचीं बोलणीं वळवितां येतात. २०१७ मध्यें जर्मनींतील बँकांच्या ग्राहकांस टेलिफोनवर येणारे गुप्त आंकडे अशाच रीतीनें पळवून त्यांच्या खात्यांतील पैसे काढल्याचें उघड झालें. आज आपल्याकडेहि बँकेचा व्यवहार टेलिफोनवर आलेल्या आंकड्यांवर चालतो; तेव्हां ही गोष्ट केवळ यंत्रज्ञांची राहिलेली नाहीं.

कागदाच्या परीक्षकास यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. शिक्का आहे एवढ्यावरून पत्र खरें ठरत नाहीं. शिक्का कोणाच्या ताब्यांत होता तें पाहावें लागतें. पडद्यावर उमटलेला नंबर हा मायना आहे, पुरावा नव्हे. तो लिहिणारा कोण हें दुसऱ्या स्वतंत्र साधनानें पडताळल्याशिवाय त्यावर विसंबूं नये.

१०. पुन्हां पत्राकडे

गेल्या कांहीं वर्षांत भाषणहि लहान लहान तुकडे करून सामान्य आंकडेवाहक जाळ्यांतून जाऊं लागलें. २००२ मध्यें कायम झालेली सिप् नांवाची संकेतपद्धति त्याकरितां वापरतात, आणि भारतांत केवळ अशाच रीतीनें बोलणें वाहणारें मोठें भ्रमणध्वनि-जाळें सप्टेंबर २०१६ मध्यें सुरू झालें. मौजेची गोष्ट ही कीं, या पद्धतींतील निरोप आंकड्यांच्या गुप्त भाषेंत नसून वाचतां येणाऱ्या अक्षरांत असतात. ‘कोणाकडून’, ‘कोणाकडे’, ‘कोणत्या वाटेनें’ अशा ओळी वर मांडलेल्या असतात. मग आमंत्रण, मग ‘घंटी वाजते’, मग ‘मान्य’, त्यावर पोंच, आणि शेवटीं निरोपाचा शब्द. जुन्या पत्राचें सर्व अवयव येथें पुन्हां एकत्र आलेले दिसतात. ठोके, सूर व आंकडे अशी मजल मारून यंत्रांची भाषा शेवटीं चिटणिसाच्या लेखणीपाशीं आली आहे.

११. संग्राहकांस विनंति

आतां व्यवहाराची गोष्ट. तारखातें १४ जुलै २०१३ च्या रात्रीं शेवटचें चाललें, आणि त्यानंतर तारांचे कागद जपण्याची बुद्धि लोकांस झाली. ट्रंक कॉलचीं तिकिटें, बूथांवरील पावत्या व चकतीचे टेलिफोन यांच्या बाबतींत तितकी जाग अद्याप आलेली नाहीं. यंत्रांची मोड तांब्याच्या भावानें जाते आणि बिलें दिवाळीच्या झाडलोटींत जातात.

आमच्या मतें प्रथम जमवाव्या त्या डिरेक्टऱ्या. नंबरावरून इसम व इसमावरून पत्ता ठरविण्याचें दुसरें साधन नाहीं. जुनी डिरेक्टरी ही त्या गांवची खानेसुमारीच आहे. त्यानंतर बिलें व तिकिटें. तीं ज्या पत्रव्यवहारांत सांपडलीं त्यांतच राहूं द्यावीं, निराळीं काढूं नयेत, कारण शेजारच्या कागदावरूनच त्यांचा अर्थ लागतो. तिसरें, रेल्वेच्या स्टेशनांतील गाड्यांच्या नोंदवह्या व ऑपरेटरांच्या सूचनांचीं पुस्तकें. चौथें, ज्यांनीं फळ्यावर बसून दोऱ्या जोडल्या त्या वृद्ध स्त्रीपुरुषांच्या आठवणी; त्या त्यांच्या हयातींतच लिहून घ्याव्या. प्रत्येक वस्तूवर गांव, एक्स्चेंज, नंबर व साल यांची चिठ्ठी लावावी, आणि गांवाचें नांव लिहितांना बुद्रुक कीं खुर्द हें विसरूं नये.

मायना फाटून गेलेलें पत्र आपणांपैकीं प्रत्येकानें पाहिलें आहे. मजकूर सुंदर, अक्षर वळणदार, आणि कोणीं कोणास लिहिलें हें मात्र कायमचें हरवलेलें. टेलिफोनच्या बाबतींत उलट झालें आहे : मजकूर गेला आणि मायना तेवढा राहिला. तोहि गेला तर एका संपूर्ण शतकाच्या संभाषणाची साक्ष देण्यास कांहीं उरणार नाहीं.